प्रश्न परत पाठवणारी गावं

(मलकापूर येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



रेडिओची आणि पॉडकास्टची पत्रकारिता शिकायची म्हणजे नेमकं काय शिकायचं, यावर मी बोलावं असं संयोजकांनी कळवलं. विषय तरुणांचा आहे. तरी मी सुरुवात सत्तर वर्षांपूर्वीपासून करणार आहे, कारण या विद्येतला एक फार मोठा धडा आपल्याच जिल्ह्यात गिरवला गेला होता. स्मृतिव्याख्यानात एखाद्या विसरलेल्या गोष्टीची आठवण काढणं वावगं ठरू नये.

१९५६ सालचा फेब्रुवारी महिना. आपला सातारा जिल्हा तेव्हा उत्तर सातारा म्हणून ओळखला जायचा. आजचा सांगली जिल्हा म्हणजे तेव्हाचा दक्षिण सातारा. आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून युनेस्कोच्या साहाय्यानं एक प्रयोग सुरू झाला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावं त्यासाठी निवडली होती. प्रत्येक गावात वीसेक माणसांचं एक श्रोतामंडळ, त्याला एक अध्यक्ष आणि एक निमंत्रक. आठवड्यातून दोनदा ही माणसं रेडिओभोवती बसायची आणि अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकायची. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद व्हायचा आणि बैठकीचा खरा भाग सुरू व्हायचा. ऐकलेलं आपल्या गावाला लागू पडतं का? खत सांगितलं ते मिळतं कुठं? आपल्याकडं हे करायचं तर पैसा कुठला? निमंत्रक हे सगळं टिपून घ्यायचा आणि मंडळाला पडलेले प्रश्न पुण्याला पाठवायचा. पुणे केंद्र पुढच्या कार्यक्रमांतून त्यांना उत्तरं द्यायचं. असे वीस कार्यक्रम झाले.

कल्पना कॅनडातून आली होती. तिथं १९४१ पासून शेतकऱ्यांची अशी मंडळं चालत होती. इथल्या प्रयोगाची पाहणी टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं केली आणि ते काम पॉल नॉयराथ यांनी सांभाळलं. हा माणूस कोण होता हे सांगायला हवं. ते व्हिएन्नाचे समाजशास्त्रज्ञ. डाखाउ आणि बुखेनवाल्ड इथल्या नाझी छळछावण्यांत त्यांना डांबलं होतं. तिथून सुटून ते अमेरिकेत गेले आणि पुढं मुंबईत शिकवायला आले. स्वस्त रेडिओसंच घरोघर पोचवून, एकानं बोलायचं आणि सगळ्या देशानं मुकाट ऐकायचं, असा रेडिओ त्यांच्या पिढीनं भोगलेला होता. तोच माणूस आपल्याकडच्या पारांवर आणि शाळांच्या ओट्यांवर ऐकणारे लोक रेडिओला काय उलट विचारतात हे तपासत होता, ही गोष्ट मला मोठी वाटते.

पाहणीची रीतही चोख होती. श्रोतामंडळ असलेली गावं एकीकडे, नुसता रेडिओ असलेली दुसरीकडे आणि रेडिओच नसलेली तिसरीकडे. तिन्ही ठिकाणच्या लोकांशी प्रयोगाच्या आधी आणि नंतर बोलून त्यांची माहिती किती वाढली ते पाहिलं. जिथं मंडळ होतं तिथं माहितीत मोठी भर पडली, जिथं नुसता रेडिओ होता तिथं फारच कमी. काही मंडळांनी विहिरी खोदायचं ठरवलं, कुणी जातिवंत वळू आणायचं, कुणी बालवाडी काढायचं. नॉयराथ आणि आकाशवाणीचे महासंचालक जगदीशचंद्र माथुर यांचा अहवाल युनेस्कोनं १९५९ मध्ये छापला आणि त्याच वर्षी ही योजना देशभर नेण्यात आली.

आता एक योगायोग पाहा. त्याच पुणे केंद्रावरून, त्याच आठवड्यांत, गीतरामायणाची शेवटची गाणी प्रसारित होत होती. १ एप्रिल १९५५ ला सुरू झालेली गदिमा आणि बाबूजींची ती छप्पन्न गीतांची मालिका १९ एप्रिल १९५६ ला पूर्ण झाली. गीतरामायण महाराष्ट्राच्या घराघरांत राहिलं आणि ते राहायलाच हवं होतं. श्रोतामंडळं मात्र आपण साफ विसरलो. त्या विसरण्याची किंमत आपण अजून मोजतो आहोत असं माझं मत आहे. रेडिओ म्हणजे सुंदर आवाज, स्पष्ट उच्चार, भारदस्त निवेदन, ही समजूत पक्की झाली. आज कुणाला रेडिओ शिकायचा असतो तेव्हा तो पहिल्यांदा आवाजाचा क्लास शोधतो. मुलं माझ्याकडे येतात आणि विचारतात, माझा आवाज चालेल का? गेल्या कित्येक वर्षांत, मला नीट ऐकता येतं का ते बघा, असं म्हणत आलेलं कुणी मला आठवत नाही.

निवेदनाच्या परंपरेचं मोल मी कमी करत नाही. सकाळी ठरल्या वेळी पुणे केंद्राच्या प्रादेशिक बातम्या लागायच्या आणि सुधा नरवणे यांचा आवाज आला की घरातलं घड्याळ लावलं जायचं. त्या बातमीपत्रामागं जिल्ह्याजिल्ह्यातले अंशकालीन वार्ताहर होते. त्यांना अख्खा जिल्हा चार-सहा ओळींत बसवावा लागे. त्या चार ओळींत एकही शब्द भरतीचा चालत नसे. १९६३ मध्ये सांगली केंद्र सुरू झालं आणि कृष्णाकाठाला स्वतःचं केंद्र मिळालं. त्याच्याही आधीपासून पुण्याच्या ग्रामीण विभागात माडगूळचे व्यंकटेश माडगूळकर होते, शंकर पाटील होते. मराठीतले हे दोन थोर कथाकार रेडिओच्या नोकरीत होते, हे आपण त्यांच्या चरित्रातली एक नोंद म्हणून वाचतो आणि पुढं जातो. मला त्यात याहून बरंच काही दिसतं. माणसं कशी बोलतात, कुठं थांबतात, कुठं बोलणं तोडतात, न बोलता काय सांगतात, हे ज्यांनी आयुष्यभर ऐकलं त्यांनाच ग्रामीण कार्यक्रम करायला बसवलं होतं. तिथं नेमणूक कानाची झाली होती.

म्हणून कऱ्हाड-मलकापूरच्या मुलांना मी पहिली गोष्ट सांगते: स्वतःचं बोलणं पुसून टाकू नका. शहरातल्या खासगी एफएमवरचा तो घाईचा, हसरा सूर उचलायचा प्रयत्न करू नका. वाक्य स्वच्छ हवं, शब्द पूर्ण हवा, उच्चार ऐकणाऱ्याला कळायला हवा. तेवढं पुरे. तुमच्या बोलण्यातला कृष्णाकाठचा हेल ऐकूनच समोरची बाई तुमच्याशी मोकळं बोलणार आहे.

आता कामाकडे येऊ. आपल्या भागात रेडिओची भाषा शिकायची सगळ्यात चांगली शाळा म्हणजे महापूर. शाळा हा शब्द मी दुःखानं वापरते आहे, कारण ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेनं काय केलं ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलं आहे. पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटली, माणसं गेली. त्या दिवसांत फोनवर आवाजी संदेशांचा पाऊस पडत होता. कुणीतरी कुठंतरी बोललेलं, कधी बोललेलं याचा पत्ता नाही, आणि ते गटागटांतून फिरतंय: धरणाचे दरवाजे इतके फूट उचलले, रात्री पाणी येणार. आवाजी संदेशाला तारीख नसते. कालचा खरा संदेश आज खोटा झालेला असतो आणि तरी तो आजच्या भीतीनं ऐकला जातो. ज्याला आवाजाची पत्रकारिता करायची आहे त्यानं पहिली सवय ही लावून घ्यावी: रेकॉर्डिंगच्या सुरुवातीलाच वार, तारीख, वेळ आणि ठिकाण बोलायचं. श्रोत्यालाही ते ऐकवायचं. पुढच्या भागात परिस्थिती बदलली असेल तर, आधी आम्ही अमुक वाजता असं सांगितलं होतं, आता असं आहे, हेही सांगायचं.

दुसरा धडा आकड्यांचा. कोयना धरणातून पाणी सोडलं की बातमी येते ती क्युसेकमध्ये. छापील बातमीत आकडा डोळ्यासमोर राहतो, वाचणारा मागं जाऊन पुन्हा बघतो. कानाला मागं जाता येत नाही. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर, हे एकदा सांगून ठेवावं, पण पन्नास हजार क्युसेक ऐकून सांगलीवाडीतल्या माणसाला काय कळणार? त्याला कळतो कृष्णेवरचा आयर्विन पूल. तिथं ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका, ही त्याच्या ओळखीची पट्टी आहे. २०१९ मध्ये पाणी तिथं ५७ फुटांपर्यंत चढलं, असं म्हटलं की तो माणूस आपल्या गल्लीत ते कुठवर आलं होतं हे मनात लगेच बघतो. म्हणजे बातमी लिहिताना विसर्गाचा आकडा मागं आणि पुलावरची पातळी पुढं. एका वाक्यात एकच आकडा. आकडा येण्याआधी तो कशाचा आहे ते सांगायचं. आणि कऱ्हाडला प्रीतिसंगमावर कोयना कृष्णेला मिळते तिथून खाली हे पाणी कोणत्या गावांना आधी लागतं आणि कोणत्या गावांना नंतर, हा क्रम नदीच्या उतारानं सांगायचा. जिल्ह्याच्या कागदांवर गावांची नावं तालुक्यांप्रमाणे असतात, ऐकणारा मात्र नदीच्या ओघानं विचार करत असतो.

हे सगळं लिहिणं झालं. विचारणं त्याहून अवघड आहे. मी वर्गात नेहमी मलकापूरचंच उदाहरण देते. चोवीस तास पाणी देणारं गाव म्हणून मलकापूरचं नाव देशभर गेलं. प्रत्येक नळाला मीटर, जास्त वापराला जास्त दर. बाहेरगावचे अधिकारी ही योजना पाहायला आले. समजा यावर तुम्हाला वीस मिनिटांचा पॉडकास्ट करायचा आहे. नवखा मुलगा एखाद्या घरी जातो आणि विचारतो, चोवीस तास पाणी मिळतं, तुम्हाला कसं वाटतं? ती ताई म्हणते, चांगलं वाटतं. मुलाखत संपली. कसं वाटतं हा प्रश्न निदान पहिल्या वर्षी विचारूच नये. त्याऐवजी विचारावं: ही योजना यायच्या आधी पाणी किती वाजता यायचं? तुमच्या घरात ते भरायला कोण उठायचं? त्या दिवशी पाणी आलंच नाही तर काय करायचा? पिंप अजून आहे का? आता त्यात काय ठेवता? मीटरचं पहिलं बिल आलं तेव्हा घरात काय बोलणं झालं? अशा प्रश्नाला होय-नाही असं उत्तर देताच येत नाही. माणूस वेळ सांगतो, जागा सांगतो, कुणाचं तरी नाव घेतो, आणि ऐकणाऱ्याला घर दिसू लागतं. मग नगरपरिषदेत जाऊन गळती किती, वसुली किती, पंपांचं वीजबिल किती, हे विचारायचं आणि कागद मागायचा. घरातला आवाज आणि कचेरीतला कागद एकमेकांशी जुळले नाहीत तर तिथंच खरी बातमी सुरू होते.

प्रश्न विचारून झाला की गप्प बसायचं. हे शिकवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागतो. समोरचा थांबला की नव्या मुलाला भीती वाटते, तो लगेच पुढचा प्रश्न टाकतो. अजून तीन-चार सेकंद थांबलं असतं तर तो माणूस जे सांगू की नको करत होता ते त्यानं सांगितलं असतं. आणि मधेमधे 'हो हो, बरोबर' म्हणू नये, मान हलवावी. ते 'हो हो' पुढं एडिटिंगला बसल्यावर काढता येत नाही.

यंत्रांबद्दल थोडक्यात. साधा फोन विमान मोडवर टाकून सुरुवात करा. माइक तोंडापासून वीतभर आणि जरा बाजूला. मराठीत फ आणि भ ची हवा थेट माइकवर आदळते. इअरफोन लावल्याशिवाय रेकॉर्डिंग करू नका, कारण माइकला जे ऐकू येतं ते तुमच्या कानाला येत नाही. मलकापुरात पुणे-बंगळूर महामार्गाची घरघर कुठंही येते. तिथं बाइट, म्हणजे बोलण्याचा तुकडा, कापला तर ट्रकचा हॉर्न अर्ध्यात तुटतो आणि जोड उघडा पडतो. म्हणून मुलाखत झाल्यावर त्याच जागी, कुणी न बोलता, एक मिनिटभर नुसत्या जागेचा आवाज घेऊन ठेवा. जोडाच्या खाली तो पसरता येतो. आगाशिवच्या लेण्यांत जाऊन एकदा बोलून बघा. दगडाच्या भिंती आवाज परत फेकतात आणि शब्द एकमेकांत मिसळतात. फरशी आणि उघड्या भिंती असलेल्या आपल्या खोल्यांतही कमी प्रमाणात हेच होतं. खोलीत चार गोधड्या टांगल्या तर काम भागतं. एडिटिंगला ऑडॅसिटी फुकट मिळतं. एवढं महिन्याभरात येतं.

महिन्याभरात येत नाही ते कात्री कुठं चालवायची याचं भान. शेतकरी म्हणतो, पाणी येतं, पण कालव्याच्या टेलला पोचत नाही. तुम्ही 'येतं' वर कापलंत तर शब्द त्याचेच राहिले, आवाज त्याचाच राहिला आणि तरी तुम्ही त्याच्या तोंडी खोटं घातलंत. छापील बातमीत असं केलं तर तो म्हणू शकतो, मी असं बोललोच नाही. इथं त्याला तेही म्हणता येत नाही. म्हणून आवाजाच्या पत्रकारावरची जबाबदारी जास्त आहे. मूळ, न कापलेलं रेकॉर्डिंग जपून ठेवायचं. आता यंत्रानं कुणाच्याही आवाजात काहीही बोलवून घेता येतं. हा आवाज याच माणसाचा आहे आणि तो असंच बोलला होता, हे दाखवायला तुमच्याकडे ते मूळ रेकॉर्डिंगच असणार आहे. आणि परवानगी. आपल्या गावात मोठं रुग्णालय आहे, लांबलांबून माणसं येतात. रुग्णालयाच्या व्हरांड्यात माइक घेऊन उभं राहायचं नाही. दुःखातल्या माणसाला आधी सांगायचं की हे सगळ्यांना ऐकू जाणार आहे, आणि त्यानं दुसऱ्या दिवशी नको म्हटलं तर काढून टाकायचं.

परवानगीचा आणि श्रेयाचा एक उत्तम नमुना मराठीतच आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी जात्यावरच्या ओव्यांचं जे काम उभं केलं, त्यात खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. आता त्या 'पारी', म्हणजे पी. साईनाथ यांच्या ग्रामीण भारताच्या संग्रहात, ऐकायला मिळतात. तिथं ओवीसोबत गाणारणीचं नाव आणि गाव असतं. 'एक ग्रामीण महिला' असं तिथं कुणी नसतं. तुमच्या पॉडकास्टमध्ये आमदारांचं नाव पदासकट येत असेल, तर भाजीवाल्या मावशींचंही पूर्ण नाव आलं पाहिजे, त्यांनी नको म्हटलं नसेल तर.

इथं कायद्याकडे वळावं लागेल. ९ फेब्रुवारी १९९५ ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यावर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही. तो मुख्य निकाल न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचा. एका मराठी न्यायाधीशानं देशातल्या रेडिओची कवाडं उघडली, हे आपल्या शाळांत शिकवलं जायला हवं. त्यानंतर २००२ मध्ये शैक्षणिक संस्थांना आणि २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओ चालवायची मुभा मिळाली. २००८ मध्ये आजच्या तेलंगणात माचनूरला दलित स्त्रियांनी चालवलेलं संघम रेडिओ सुरू झालं. त्याच वर्षाच्या अखेरीला आपल्या जिल्ह्यात म्हसवडला चेतना सिन्हा यांच्या माणदेशी फाउंडेशननं माणदेशी तरंग वाहिनी सुरू केली, ९०.४ मेगाहर्ट्झवर. सांगली जिल्ह्यात जत तालुक्यात, जिथं मराठी आणि कन्नड दोन्ही एकाच अंगणात बोलल्या जातात, तिथं जालिहाळला येरळा प्रोजेक्ट्स सोसायटीचं येरळावाणी आहे. ज्यांना रेडिओ शिकायचा आहे त्यांनी मुंबईला जायच्या आधी म्हसवडला जाऊन यावं. दुष्काळी भागातल्या बाया स्वतःच्या बोलीत कार्यक्रम कसे करतात, ऐकणाऱ्या आपला माल, आपली अडचण, आपलं गाणं घेऊन कशा येतात, हे बघावं. १९५६ च्या मंडळांच्या सगळ्यात जवळ पोचलेली गोष्ट मला तिथं दिसते.

सामुदायिक रेडिओला ५० वॉटचं प्रक्षेपण, म्हणजे साधारण दहा-पंधरा किलोमीटरचा टापू. कार्यक्रमांचा निम्मा तरी भाग त्याच समाजाच्या सहभागातून तयार व्हावा असा नियम आहे आणि तो उत्तम आहे. पण बातम्या द्यायला मनाई आहे. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा किंवा स्थानिक भाषेत अनुवाद करून ऐकवता येतात, तेवढंच. हवामान, परीक्षांचे निकाल, पाणी आणि विजेच्या सूचना यांना बातमी धरत नाहीत. म्हणजे उद्या अमुक प्रभागात पाणी येणार नाही, हे सांगता येतं. ते का येणार नाही, गेल्या महिन्यातही का आलं नव्हतं आणि दुरुस्तीच्या निविदेचं काय झालं, हे विचारायला गेलात की तुम्ही बातमीच्या हद्दीत शिरता. देशात हजारो वर्तमानपत्रं बातमी देतात, वाहिन्या देतात, फोनवर कुणीही काहीही देतं. ज्या माध्यमाचा आवाज दहा मैलांत संपतो त्याच्या तोंडावर मात्र हात. हे मला अन्यायाचं वाटतं आणि ते बदलावं असं मी या व्यासपीठावरून आग्रहानं मांडते.

तोवर पॉडकास्ट आहे. २००४ च्या सुमारास वेबवरच्या लेखांसारख्याच ध्वनिफिती लोकांपर्यंत आपोआप पोचवायची सोय झाली आणि प्रक्षेपक, मनोरा, परवाना यांची गरजच संपली. इथं कायदे आहेत. बदनामीचा कायदा आहे, २०२१ मध्ये डिजिटल बातम्या देणाऱ्यांसाठी तक्रार निवारणाचे नियमही आले. पण 'का' विचारायला बंदी नाही. मलकापूरच्या मुलांना आज जे विचारता येतं ते म्हसवडच्या रेडिओला विचारता येत नाही. याची जाणीव ठेवून पॉडकास्ट करायला हवा. मला मात्र दिसतं ते उलट. दोन मित्र समोरासमोर बसतात, मोठाले माइक, हेडफोन, मागं दिवे, आणि दोन तास एकमेकांच्या मतांना दुजोरा. गप्पा चांगल्या असू शकतात. पण खोलीच्या बाहेर पाऊल न टाकता पत्रकारिता होत नाही. आणि अशा पॉडकास्टमध्ये ऐकणारा पुन्हा तिथंच बसलेला असतो, जिथं १९५६ पूर्वी होता: एकटा, मुकाट.

शिवाय पॉडकास्ट प्रत्येकजण कानात बोंडं घालून वेगवेगळा ऐकतो. रेडिओपुढं निदान चार माणसं एकत्र बसायची. ही उणीव भरून काढायचा मार्ग आपल्या जिल्ह्याला माहीत होता. मग तोच पुन्हा का वापरू नये? मी तुमच्यापुढं ठेवते ती सूचना अगदी छोटी आहे. मलकापूर आणि आगाशिवनगरमध्ये पाच मंडळं करावीत. एक बचत गटाचं, एक महाविद्यालयातलं, एक ज्येष्ठ नागरिकांचं, एक रिक्षा थांब्यावरचं, एक जखिणवाडीच्या बाजूच्या शेतकऱ्यांचं. पॉडकास्ट शिकणाऱ्या इथल्या मुलांनी पंधरा दिवसांतून एकदा वीस मिनिटांचा भाग करावा आणि तो जाहीर करायच्या संध्याकाळी ही मंडळं एकत्र बसून ऐकतील असं बघावं. प्रत्येक मंडळात एक मुलगी किंवा मुलगा निमंत्रक म्हणून बसेल. त्यानं चर्चेत भाग घ्यायचा नाही. रेकॉर्डर चालू ठेवायचा, प्रश्न उतरवून घ्यायचे. पुढच्या भागाची पहिली सात-आठ मिनिटं त्या प्रश्नांचीच, विचारणाऱ्याच्याच आवाजात. उत्तर देणारा अधिकारी, डॉक्टर, अभियंता, साखर कारखान्याचा माणूस, जो कुणी असेल तो, त्यानंतर.

देशभर गेलेली श्रोतामंडळांची योजना पुढं विरत गेली. बैठका घेणं, कागद भरणं चालू राहिलं तरी गावाच्या प्रश्नाला उत्तर येईनासं झालं की माणसं यायची थांबतात, असं मी समजते. तेवढी एक गोष्ट इथं होऊ देऊ नये. त्यासाठी एक वही ठेवावी. पहिल्या रकान्यात प्रश्न, दुसऱ्यात तो कोणत्या मंडळातून कधी आला, तिसऱ्यात उत्तर कुणी, कोणत्या भागात दिलं. वही दर महिन्याला मंडळापुढं उघडायची. ज्या प्रश्नापुढचा तिसरा रकाना दोन महिने रिकामा राहील, तो प्रश्न कुणाकुणाला विचारला, किती वेळा विचारला आणि समोरून काय सांगण्यात आलं, यावर पुढचा पूर्ण भाग करायचा.